झेब्रामाशात मॉर्फोलिनो टोचून रक्तनिर्मितीचं जनुक तपासताना: 'रक्त कमी दिसतंय' याचा अर्थ काय लावायचा?

रक्तबीज

जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला उलट क्रमाचा तुकडा चिकटवायचा, प्रथिन बनू द्यायचं नाही, आणि मग काय बिघडतं ते बघायचं. मॉर्फोलिनो हा असाच एक कृत्रिम तुकडा. ही कल्पना १९७८ मध्ये झामेच्निक आणि स्टीफन्सन यांनी एका विषाणूवर करून दाखवली. रक्तात ती १९८८ मध्ये आली. गेविर्ट्झ आणि कालाब्रेट्टा यांनी माणसाच्या अस्थिमज्जेतल्या पेशींना सी-मिब या रक्तपेशींच्या वाढीला लागणाऱ्या जनुकाविरुद्धचा डीएनए तुकडा दिला आणि एकेका पेशीपासून वाढणाऱ्या वसाहती घटल्या. पुढे १९९५ मध्ये रक्तवाहिन्यांच्या स्नायूपेशींवर काम करणाऱ्या गटाने दाखवलं, की सी-मिबविरुद्धच्या तुकड्यात सलग चार 'जी' (ग्वानिन) बेस असतात आणि पेशींची वाढ थांबते ती त्या चार 'जी'मुळे; सी-मिब गप्प होण्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हापासून दुखणं तेच आहे. परिणाम लगेच दिसतो, पण तो त्याच जनुकामुळे आहे हे सिद्ध करायचं राहून जातं.

इथे मुख्यतः झेब्रामाशाबद्दल लिहितो. भ्रूण पारदर्शक, आईच्या शरीराबाहेर वाढणारं, आणि पहिले काही दिवस ऑक्सिजन थेट त्वचेतून झिरपत असल्याने एकही लाल पेशी नसली तरी जगणारं. लाल पेशी घडवणारं गाटा-१ जनुक नसलेलं उंदराचं भ्रूण साधारण अकराव्या दिवशीच मरतं; मासा मात्र फिकट हृदय धडधडवत पोहत राहतो.

नमुन्यादाखल गाटा-१ आणि पांढऱ्या पेशी घडवणारं पीयू.१ ही जोडी घ्या. २००५ मध्ये दोन कामं पाठोपाठ आली. गाटा-१ दाबलं तर भ्रूणाच्या मध्यपेशीपुंजातल्या, म्हणजे शेपटीकडच्या मधल्या पट्ट्यातल्या, लाल होऊ घातलेल्या पेशी पांढऱ्या वाटेला लागतात: पीयू.१ आणि मायलोपेरॉक्सिडेज या पांढऱ्या पेशींच्या खुणा तिथे उगवतात. उलट पीयू.१ दाबलं तर डोक्याकडच्या पट्ट्यात, जिथे पांढऱ्या पेशी व्हायच्या, तिथे गाटा-१ दिसायला लागतं. या निकालावर विश्वास बसतो कारण गाटा-१चा म्युटंट (ते जनुकच बिघडलेला मासा) आधीच हातात होता. 'व्लाड टेपेश' नावाचा, २००२ मध्ये ओळख पटलेला. मॉर्फोलिनो आणि म्युटंट एकच गोष्ट सांगत होते.

आता कृती.

मॉर्फोलिनो म्हणजे २५ बेसची साखळी, पाठीचा कणा विद्युतभाररहित. ती आरएनएला घट्ट बसते आणि वाट अडवते. आरएनेझ-एच हे एन्झाइम बोलावून आरएनए तोडत नाही. म्हणून मॉर्फोलिनो दिल्यावर क्यूपीसीआरवर (आरएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) संदेशवाहकाचं प्रमाण घटलं नाही म्हणून घाबरू नका, आणि घटलं म्हणून खूशही होऊ नका. जात दोन प्रकारची. एक भाषांतर, म्हणजे आरएनएवरून प्रथिन बनणं, अडवणारी: लक्ष्य ५-प्राइम टोकाकडच्या अभाषित भागापासून प्रथिनाची सुरुवात सांगणाऱ्या एयूजीनंतरच्या साधारण २५ बेसपर्यंत कुठेही. दुसरी स्प्लाइसिंग, म्हणजे आरएनएतले इन्ट्रॉन कापून एक्झॉन जोडणं, अडवणारी: एक्झॉन आणि इन्ट्रॉनच्या सीमेवर बसणारी.

३०० नॅनोमोलची कुपी ३०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवली की १ मिलिमोलर साठा होतो, म्हणजे अंदाजे ८.५ नॅनोग्रॅम प्रति नॅनोलिटर. १ नॅनोलिटरमध्ये ४ नॅनोग्रॅम द्यायचं असेल तर १० मायक्रोलिटर मिश्रणासाठी साठा ४.७, ०.५ टक्के फिनॉल रेड १ आणि पाणी ४.३ मायक्रोलिटर. वापरण्याआधी साठा ६५ अंशांवर १० मिनिटं तापवा. न तापवलेला जुना साठा हे 'मागच्या महिन्यात चाललं, आता चालत नाही' या तक्रारीचं सगळ्यात सामान्य कारण.

सुई १ मिलिमीटर बाह्यव्यासाच्या, आत तंतू असलेल्या बोरोसिलिकेट नळीची. थेंब खनिज तेलात, सूक्ष्मदर्शकाच्या मोजपट्टीवर सोडून मोजा. १ नॅनोलिटरचा थेंब १२४ मायक्रॉन व्यासाचा, अर्ध्या नॅनोलिटरचा ९८. व्यासात १० टक्के चूक म्हणजे डोसमध्ये ३३ टक्के, कारण घन होतो. प्रत्येक नवी सुई वेगळी मोजायची. टोक मोडलं की पुन्हा.

एकपेशी अवस्थेत, पिवळ्या बलकात पण पेशीच्या अगदी बुडाशी टोचा. मॉर्फोलिनो बलकातून वर सरकतं, त्यामुळे चार पेशींपर्यंत चालून जातं. सोबत आरएनए देत असाल तर मात्र एकपेशी अवस्था आणि थेट पेशीतच.

डोस १, २, ४, ८ नॅनोग्रॅम असा चढता लावा. परिणाम दिसणारा सगळ्यात कमी डोस निवडायचा, सगळ्यात ठसठशीत दिसणारा नव्हे. २४ तासांना डोकं करडं-काळपट, शेपूट वाकडी, हृदयाभोवती पाणी: हे तिन्ही एकत्र दिसलं की त्या डोसचं रक्त मोजूच नका.

नवशिकी

धन्यवाद, अगदी हवं होतं तेच. दोन प्रश्न. (१) स्प्लाइस मॉर्फोलिनो लागू पडलं हे आरटी-पीसीआरवर (आरएनएचा डीएनए करून वाढवल्यावर) कसं ओळखायचं? माझ्याकडे जेलवर मूळ बँड फिका होतो पण नवीन बँड दिसतच नाही. (२) रक्तावर येणारा ओ-डायॅनिसिडीनचा रंग ४८ तासांना कमी आला, तर रक्ताच्या मूलपेशी कमी झाल्या असं म्हणता येईल का?

रक्तबीज

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही, अजिबात नाही. रक्ताच्या लाटा वेगळ्या आहेत. पहिल्या चार दिवसांत शरीरात फिरणाऱ्या लाल पेशी जवळजवळ सगळ्या आदिम लाटेच्या, मध्यपेशीपुंजात तयार झालेल्या. मूलपेशी महारोहिणीच्या खालच्या भिंतीतून सुटतात त्या साधारण ३० तासांपासून पुढे. तिथून त्या शेपटीतल्या रक्तजनक जाळ्यात आणि थायमसमध्ये जातात, आणि सरतेशेवटी मूत्रपिंडाच्या मज्जेत. मूलपेशींबद्दल बोलायचं तर ३६ तासांना रनक्स-१ आणि सी-मिब या मूलपेशींच्या जनुकांचं इन सिटू हायब्रिडायझेशन (जनुक भ्रूणात कुठे चालू आहे ते रंगाने दाखवणं), ४८ तासांनंतर शेपटीत सीडी-४१ जीएफपीच्या (हिरवं चमकणारं प्रथिन) मंद चमकणाऱ्या पेशी, आणि चार-पाच दिवसांना थायमसमध्ये रॅग-१ (टी पेशी बनताना चालू होणारं जनुक). यातल्या शेवटच्या तपासणीला एक अडचण आहे: मॉर्फोलिनो पेशीविभाजनागणिक पातळ होत जातं आणि तिसऱ्या दिवसानंतर त्याचा भरवसा नसतो. रॅग-१ चांगलं दिसलं याचा अर्थ जनुक लागत नाही असा होत नाही.

शिवाय ओ-डायॅनिसिडीन हिमोग्लोबिन दाखवतं, पेशी नव्हे. 'सोटर्न' म्युटंटमध्ये हीम बनवणारं अलास-२ बिघडलेलं आहे. पेशी आहेत, पण हिमोग्लोबिन अपुरं. (या माशांच्या रक्ताच्या म्युटंटांना वाइनची नावं देण्याची टूम होती: शार्दोने, रीसलिंग, वाइसहर्ब्स्ट. त्यातल्या वाइसहर्ब्स्टमधूनच २००० मध्ये फेरोपोर्टिन सापडलं.) तेव्हा रंग कमी आला तर गाटा-१ डीएसरेड (लाल पेशी चमकणारे) मासे घेऊन फ्लो सायटोमीटरवर पेशी मोजा आणि ग्लोबिनचं इन सिटू करा. पेशी तेवढ्याच आणि रंग कमी असेल तर लोह किंवा हीमच्या बाजूला बघा.

रंगाची कृती: ओ-डायॅनिसिडीन ०.६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, सोडियम ॲसिटेट ०.०१ मोलर पीएच ४.५, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.६५ टक्के, इथेनॉल ४० टक्के. अंधारात १५ मिनिटं. पेरॉक्साइड ताजं हवं. हातमोजे घालून, हूडखाली. कर्करोगाचा संशय असलेलं रसायन आहे.

पहिल्या प्रश्नावर पिपेटवाला सांगतील, त्यांचा हात त्यात बसलेला आहे.

पिपेटवाला

नवा बँड न दिसण्याची तीन कारणं, क्रमाने तपासा.

एक, इन्ट्रॉन मोठा आहे. मॉर्फोलिनोमुळे तो आत राहिला असेल आणि लांबी चार-पाच किलोबेस असेल, तर तुमच्या ३० सेकंदांच्या एक्स्टेंशनमध्ये तो वाढणारच नाही. एक प्रायमर इन्ट्रॉनच्या आत, सीमेपासून १००–१५० बेसवर ठेवून दुसरी पीसीआर लावा. मात्र आरएनएला डीएनेझ दिलंच पाहिजे आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली नळी सोबत चालवलीच पाहिजे, नाहीतर जीनोमचा डीएनए वाढवून 'इन्ट्रॉन राहिला' म्हणाल.

दोन, नवं उत्पादन पेशीनेच नष्ट केलं. तीन-तीन बेस वाचण्याची चौकट सरकून अकाली स्टॉप (प्रथिन थांबवणारी खूण) आला की असा संदेशवाहक तोडला जातो. मूळ बँड फिका आणि नवीन काही नाही हे चित्र त्यातून येतं. हे यश असू शकतं, पण पुरावा म्हणून कमकुवत.

तीन, लपलेली स्प्लाइस साइट वापरली गेली आणि बँड मूळ बँडपेक्षा २०–३० बेसनेच वेगळा आहे. दीड टक्का ॲगारोजवर तो दिसणार नाही. तीन टक्क्यांवर चालवा आणि बँड कापून सिक्वेन्स करा. कापून सिक्वेन्स न करता 'एक्झॉन गळला' असं लिहू नका.

मॉर्फोलिनो मागवण्याआधीच एक हिशेब करा. जो एक्झॉन गळेल असा अंदाज आहे त्याची लांबी तीनने भागते का? १२६ बेसचा एक्झॉन गळला तर चौकट शाबूत राहते आणि ४२ अमिनो आम्लं कमी असलेलं, कदाचित छान चालणारं प्रथिन मिळतं. असा एक्झॉन निवडायचाच असेल तर त्यात झिंक फिंगरसारखा, ज्याच्याशिवाय प्रथिन डीएनए धरूच शकत नाही असा भाग असावा.

आणि स्प्लाइस मॉर्फोलिनो आईकडून अंड्यात आलेल्या, आधीच कापून जोडलेल्या संदेशवाहकाला हात लावत नाही. जनुक मातृक असेल तर भाषांतर अडवणारं मॉर्फोलिनोच लागेल.

खवचट_खेकडा

भाषांतरवाल्याची तपासणी कशी करणार पण? माशाच्या प्रथिनाला चालणारी अँटिबॉडी दहातल्या नऊ जनुकांना मिळत नाही. मग सगळे ५-प्राइम भाग जीएफपीला जोडून आरएनए टोचतात, मॉर्फोलिनो दिल्यावर हिरवा रंग गेला की 'कार्यक्षमता सिद्ध' म्हणून चित्र छापतात. त्याने फक्त एवढंच कळतं की मॉर्फोलिनो त्या क्रमाला चिकटू शकतं. ते तर क्रम वाचूनही कळत होतं.

पिपेटवाला

खेकडासाहेब, पूर्ण मान्य नाही. आपल्याकडे तर त्या तपासणीचा एक खरा उपयोग आहे. मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेले किंवा नदीतून पकडलेले मासे वापरणारे बरेच जण आहेत. झेब्रामासा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याकडचा, हॅमिल्टनने १८२२ मध्ये वर्णन केलेला. इथल्या माशांतली जनुकीय विविधता एबी किंवा ट्युबिंगनसारख्या प्रयोगशाळेतल्या वाणांपेक्षा जास्त. डेटाबेसमधला क्रम पाहून मागवलेलं मॉर्फोलिनो तुमच्या माशात दोन-तीन बेसनी चुकलं तर परिणाम बराच घटू शकतो. आपल्या टाकीतल्या दहा-बारा माशांच्या शेपटीचा तुकडा घेऊन लक्ष्याचा भाग सिक्वेन्स करा, मग ऑर्डर द्या. मॉर्फोलिनो स्वस्त नाही.

निळीरेघ

मूळ लेखात एक गोष्ट निसटली आहे: वय.

टोचलेली भ्रूणं मागे पडतात. कंट्रोल ३६ तासांना आहे तेव्हा मॉर्फोलिनो दिलेली दिसायला ३० तासांची असू शकतात. रनक्स-१चा रोहिणीतला पट्टा या काळात तासागणिक बदलतो. म्हणजे फक्त उशीर झालेला असताना 'मूलपेशी घटल्या' असा निष्कर्ष निघतो, तोही सांख्यिकीच्या दृष्टीने ठणठणीत. उपाय साधा आहे. घड्याळ न बघता भ्रूण बघा: २४ तासांपर्यंत सोमाइट (पाठीकडचे खंड) मोजा, त्यानंतर डोकं आणि धड यांतला कोन. मागे पडलेला गट तेवढे तास उशिरा फिक्स करा. तपमान २८.५ अंश, इन्क्युबेटरचं दार दिवसभर उघडं-बंद होत असेल तर दोन्ही डिश एकाच कप्प्यात ठेवा.

दुसरी गोष्ट, रक्तप्रवाह. महारोहिणीतून मूलपेशी सुटायला प्रवाहाचा ताण आणि नायट्रिक ऑक्साइड लागतं, हे २००९ मध्ये मासा आणि उंदीर दोन्हींत दाखवलं गेलं. ज्याचं हृदय धडधडतच नाही त्या भ्रूणात, म्हणजे ट्रोपोनिन टी-२ दाबलेल्या माशात, रनक्स-१ घटतं. ट्रोपोनिन काही रक्ताचं जनुक नाही! तेव्हा तुमच्या जनुकाने हृदय मंदावत असेल किंवा रोहिणीच नीट होत नसेल, तर मूलपेशी घटणारच. रनक्स-१च्या सोबत त्याच तुकडीत केडीआरएल (वाहिन्या आहेत का), एफ्रिन-बी२ए (रोहिणीची ओळख आहे का) हे प्रोब आणि हृदयाचे ठोके एवढं केल्याशिवाय पुढे जाऊ नये. हेजहॉग, व्हीईजीएफ, नॉच अशी वरून येणारी संकेतांची साखळी आहे. ती वर कुठेही तुटली तरी खाली रनक्स-१ नाहीसंच दिसतं.

इन सिटू मोजताना नळ्यांवरची नावं दुसऱ्याकडून झाकून घ्या. जास्त-मध्यम-कमी असे तीन गट पुरतात. आणि एकाच जोडीची ६० अंडी म्हणजे ६० स्वतंत्र नमुने नव्हेत. किमान तीन वेगवेगळ्या जोड्यांची अंडी हवीत आणि आकडे जोडीगणिक मांडावेत. रंगद्रव्याने चित्र झाकू नये म्हणून २४ तासांपासून ०.००३ टक्के पीटीयू, दोन्ही गटांना.

साखरमुंगी

पी-५३, म्हणजे बिघडलेल्या पेशीला मारणारं प्रथिन, त्याबद्दल कोणी बोललंच नाही अजून.

रोबू आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की बऱ्याच मॉर्फोलिनोंमुळे, लक्ष्य काहीही असो, पी-५३ जागं होतं आणि पेशी मरतात, विशेषतः मज्जासंस्थेत. तेव्हापासून पी-५३चं मॉर्फोलिनो सोबत टोचायची पद्धत पडली, साधारण मूळ मॉर्फोलिनोच्या दीडपट. तपासायला पी-५३च्या आतल्या प्रमोटरमधून निघणारा डेल्टा-११३ हा लघुरूप संदेशवाहक क्यूपीसीआरवर मोजावा. तो कंट्रोलच्या कित्येक पट वर गेला असेल तर सावध.

पण रक्तात इथेच एक सापळा आहे. डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया या लाल पेशी न बनण्याच्या जन्मजात आजारात, जिथे सुमारे चौथाई रुग्णांत आरपीएस-१९ हे रायबोसोमचं जनुक बिघडलेलं असतं, रायबोसोम अपुरे पडल्यामुळे पी-५३ जागं होणं हा रोगाचाच भाग मानतात. माशात आरपीएस-१९ दाबून २००८ मध्ये एका गटाने सांगितलं की लाल पेशी घटतात त्या पी-५३ घराण्याच्या प्रथिनांमुळे. २०११ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच जनुकावर सांगितलं की पी-५३ दाबलं तर शरीराची घडण सुधारते, लाल पेशी मात्र सुधारत नाहीत. आता तुम्ही डोळे झाकून प्रत्येक नळीत पी-५३ मॉर्फोलिनो घालत असाल तर काय कराल? विषबाधा पुसताना खरा परिणामही पुसला जातो, आणि कुठला कुठला हे कळत नाही. रायबोसोम, डीएनए दुरुस्ती किंवा पेशीचक्र यांचं जनुक असेल तर पी-५३ मॉर्फोलिनोसह आणि त्याविना असे दोन्ही गट ठेवा. शक्य असेल तर एम-२१४-के हा पी-५३चा म्युटंट वाण वापरा. एका वेळी दोन मॉर्फोलिनो म्हणजे एकूण भार वाढतो आणि तोही विषारीच.

शिवाय अलीकडच्या कामांतून दिसलंय की मॉर्फोलिनोने जन्मजात प्रतिकारशक्तीची, इंटरफेरॉनने चालणारी जनुकंही चढतात. २०१८ मध्ये बेडकात ते नीट दाखवलं, नंतर माशातही. रक्ताच्या माणसांनी हे गंभीरपणे घ्यावं, कारण दाह आणि इंटरफेरॉनचे संकेत स्वतःच मूलपेशींच्या निर्मितीत भाग घेतात. इंटरफेरॉनने चढणाऱ्या आयएसजी-१५ची क्यूपीसीआर लावायला एक दुपार पुरते.

नवशिकी

मग कंट्रोल कोणता घ्यायचा? सगळे 'स्टँडर्ड कंट्रोल' घेतात.

रक्तबीज

त्या स्टँडर्ड कंट्रोलची गंमत अशी की तो माणसाच्या बीटा-ग्लोबिन जनुकातल्या, थॅलेसेमिया करणाऱ्या एका इन्ट्रॉन-उत्परिवर्तनाविरुद्ध बनवलेला आहे. माशात त्याला लक्ष्य नाही. त्यातून 'टोचण्याने आणि मॉर्फोलिनो या रसायनाने काय होतं' एवढंच कळतं. 'माझ्या क्रमाचं चुकीचं लक्ष्य कुठलं' हे नाही. त्यासाठी पाच बेस बदललेलं मॉर्फोलिनो थोडं बरं. त्याहून बरं, एकमेकांवर न चढणाऱ्या दोन जागांविरुद्धची दोन मॉर्फोलिनो: दोन्हींनी तेच झालं पाहिजे. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या डोसमध्ये एकत्र दिल्यावर, एकेकट्याने काही होत नसताना, परिणाम आला तर फारच छान.

आणि मग सुधारणा, म्हणजे रेस्क्यू. जनुकाचा आरएनए पीसीएस-२ प्लाझ्मिडवरून एसपी-६ने बनवा, टोपीसह. मॉर्फोलिनोची जागा त्यातून काढून टाका, किंवा अमिनो आम्लं न बदलता किमान पाच-सहा बेस बदला; नाहीतर मॉर्फोलिनो रेस्क्यूच्या आरएनएवरच बसेल आणि सुधारणा झाल्यासारखी दिसेल. ५०, १००, २०० पिकोग्रॅम असे डोस. पण गाटा-१, पीयू.१ यांसारख्या पेशीचं नशीब ठरवणाऱ्या घटकांमध्ये भ्रूणभर आरएनए देणं धोक्याचं. नको तिथे गाटा-१ मिळालं की नको तिथे लाल पेशींची जनुकं चालू होऊ शकतात. आधी फक्त आरएनए टोचून काय होतं ते बघा. ३६ तासांनंतरच्या प्रश्नाला टोचलेला आरएनए बहुधा टिकतही नाही. तिथे योग्य प्रमोटरखाली प्लाझ्मिड किंवा ट्रान्सजेनिक वाणच हवा.

खवचट_खेकडा

एवढा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा जनुक कापणाऱ्या क्रिस्परने म्युटंट करा की सरळ. २०१५ मध्ये दाखवलंच होतं की मॉर्फोलिनोत दिसलेली बरीच लक्षणं म्युटंटमध्ये नसतात.

रक्तबीज

बरोबर, आणि त्याच वर्षी दुसरी बाजूही आली. ईजीएफएल-७ या रक्तवाहिन्यांच्या जनुकाच्या म्युटंटमध्ये लक्षण नाही कारण इतर जनुकं वाढून भरपाई करतात. मॉर्फोलिनोत ती भरपाई होत नाही. २०१९ मध्ये कळलं की अकाली स्टॉप असलेला संदेशवाहक तुटतो, त्या तुकड्यांमुळे सारख्या क्रमाची जनुकं चढतात. तेव्हा म्युटंट ठणठणीत आहे म्हणजे मॉर्फोलिनो खोटं, हे दर वेळी खरं नाही. माशात तर जनुकांच्या जोड्या आहेत: गाटा-२ए आणि गाटा-२बी. रोहिणीतल्या रक्तजनक अस्तरात काम करतं ते प्रामुख्याने गाटा-२बी.

माझ्या मते सगळ्यात निर्णायक प्रयोग म्हणजे मॉर्फोलिनो म्युटंटमध्येच टोचणं. ज्या माशात ते प्रथिन मुळातच नाही, त्याचं मॉर्फोलिनोने आणखी काही बिघडायला नको. बिघडलं तर तो बिघाड त्या जनुकाचा नाही, विषय संपला. आणि भरपाईची शंका असेल तर म्युटंट करताना स्टॉप न आणता प्रमोटरसकट जनुकच उडवा, म्हणजे तुटायला संदेशवाहकच उरणार नाही.

म्युटंट तयार व्हायला दोन पिढ्या, म्हणजे सहा-आठ महिने जातात. तोवर तीन-चार गाइड आरएनए आणि कॅस-९ हे क्रिस्परचं प्रथिन एकदम टोचून त्याच पिढीत बघणं, आणि मॉर्फोलिनो, असे दोन्ही शेजारी ठेवा. दोन वेगळ्या रसायनांनी तेच दिसलं तर म्युटंटची वाट बघताना पुढचं काम सुरू करायला हरकत नाही.

पेट्रीकाका

माशावर बरंच झालं. माणसाच्या सीडी-३४ (रक्ताच्या मूळ) पेशींत हेच करायचं तर मॉर्फोलिनो विसरा: भाररहित असल्याने आपणहून आत जात नाही. फॉस्फोरोथायोएट तुकडे जातात, पण त्यांतले सीजी क्रम टीएलआर-९ या प्रतिकारशक्तीच्या ग्राहकाला चेतवतात, आणि बी पेशी व डेंड्रायटिक पेशी म्हणजे नेमकं तेच ज्यांचं तुम्ही निरीक्षण करताय. प्लाझ्मिडमध्ये सीडीएनए उलटा घालून अँटिसेन्स आरएनए बनवायचा जुना मार्गही सोडून द्या. दुहेरी आरएनए तयार होतो, विषाणूंविरुद्धचं पीकेआर जागं होतं, सगळ्याच प्रथिनांचं भाषांतर मंदावतं.

म्हणून लेन्टिव्हायरसमधला शॉर्ट हेअरपिन, म्हणजे जनुक गप्प करणारा दुमडलेला आरएनए. पेशी एससीएफ, फ्लट-३ लिगँड आणि टीपीओ हे वाढघटक प्रत्येकी १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर देऊन २४ ते ४८ तास चेतवा. थाळीला रेट्रोनेक्टिनचा लेप. पॉलिब्रीन या पेशींना झेपत नाही, त्याऐवजी प्रोटामाइन सल्फेट ४ ते ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. हेला पेशींवर मोजलेला विषाणूचा टायटर इथे फसवतो. पेशीमागे २० ते ५० कण द्यावे लागतात. ४८ तासांनी जीएफपीवर वेगळ्या करा आणि मगच मिथिलसेल्युलोजमध्ये, ३५ मिलिमीटरच्या डिशला ५०० पेशी, १४ दिवस. माध्यम घट्ट असल्याने १६ गेजच्या बोथट सुईनेच घाला, पिपेटने मोजमाप हमखास चुकतं. डिशेस मोठ्या डिशमध्ये ठेवून शेजारी पाण्याची एक उघडी डिश हवी. माध्यम सुकलं की लाल वसाहती आधी जातात आणि तुम्हाला ते जनुकाचं काम वाटतं.

पेशी वेगळ्या न करता थाळी लावली आणि विषाणू ३० टक्क्यांतच गेला असेल, तर ७० टक्के वसाहती जशाच्या तशा असतात, आणि 'परिणाम नाही' असा निकाल येतो. उलट, सगळ्याच जातींच्या वसाहती सारख्या घटल्या तर तो बहुधा वाढीचा किंवा विषारीपणाचा परिणाम. लाल घटून ग्रॅन्युलोसाइट-मॅक्रोफेजच्या तशाच राहिल्या तर बोलण्यासारखं काही आहे.

हेअरपिनही निष्पाप नाही. यू-६सारख्या जोरदार प्रमोटरखाली तो पेशीची मायक्रोआरएनएची यंत्रणा तुंबवतो. बीसीएल-११एचं उदाहरण बघा. २००८ मध्ये ते दाबल्यावर गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं हे कळलं, पण साधा हेअरपिन मूलपेशींना जाचक ठरला. शिवाय बीसीएल-११ए मूलपेशींना आणि बी पेशींना स्वतःला लागतंच. मग हेअरपिन मायक्रोआरएनएच्या सांगाड्यात बसवला, प्रमोटर फक्त लाल वंशात चालणारा घेतला. २०२१ मध्ये त्याच रचनेने उपचार केलेल्या सहा सिकलसेल रुग्णांचा अहवाल आला. विदर्भातल्या सिकलसेलवर काम करणाऱ्यांनी प्रमोटर बदलण्याचा तो भाग मुद्दाम अभ्यासावा; जनुक तेच, हेअरपिनचा क्रमही जवळपास तोच, आणि फरक पडला तो कुठल्या पेशीत चालू करायचं याने.

नवशिकी

काका, आरपीएस-१९ किंवा आरपीएस-१४ सीडी-३४मध्ये दाबलं तर वर साखरमुंगीताईंनी सांगितलेला पी-५३चा प्रश्न इथेही येतो का?

पेट्रीकाका

येतो, आणि इथे तो सुटायला सोपा आहे. २०११ मध्ये याच दोन जनुकांवर माणसाच्या पेशींत दिसलं की पी-५३ लाल वंशाच्या पेशींत निवडकपणे साठतं. हेअरपिनचा सरसकट त्रास असता तर पांढऱ्या वंशातही तेवढंच साठलं असतं. म्हणून सीडी-७१ आणि ग्लायकोफोरिन-ए या लाल पेशींच्या खुणा लावून लाल पेशी टप्प्याटप्प्याने वेगळ्या करा, प्रत्येक टप्प्यात पी-५३ने चालू होणारं पी-२१ मोजा, आणि तीच मोजणी त्याच फ्लास्कमधल्या सीडी-११बी (पांढऱ्या) पेशींत करा. हेअरपिन किमान तीन, वेगवेगळ्या जागांचे. जो जास्त दाबतो त्याने जास्त बिघडलं पाहिजे. आरपीएस-१९ पूर्ण दाबू नका. रुग्णात एक प्रत शाबूत असते, निम्म्यावर आणणारा हेअरपिनच कामाचा.

निळीरेघ

माशातही तेच लागू. रायबोसोमच्या जनुकाला ८ नॅनोग्रॅम देऊन भ्रूण २४ तासांना मरायला टेकलं असेल, तर तिथे लाल पेशी मोजण्यात अर्थ नाही. १ नॅनोग्रॅमपासून सुरू करा.